ग्राउंड स्कूल सुरू होण्याआधी

एअरलाइनमध्ये पायलट म्हणून निवड झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन! ग्राउंड स्कूल, म्हणजे वर्गातलं प्रशिक्षण, सुरू होण्याआधी मेमरी आयटम्स (आणीबाणीत न वाचता, आठवणीने करायच्या कृती) आणि लिमिटेशन्स (विमानाच्या वेग, वजन वगैरेंच्या मर्यादा) शब्दन् शब्द पाठ कर, पण कंपनीने दिलेल्या मॅन्युअलमधूनच. दुसरीकडच्या जुन्या नोट्स नकोत. विमान तेच असलं तरी कॉलआउट्स (पायलटांनी एकमेकांना मोठ्याने सांगायचे ठरलेले शब्द) कंपनीगणिक बदलतात. कॉकपिटचं पोस्टर भिंतीवर लाव, समोर खुर्ची टाक आणि फ्लो (स्विच ठरलेल्या क्रमाने तपासणं, लावणं) करताना हात खरंच त्या स्विचपर्यंत ने, कॉलआउट्स मोठ्याने म्हण. सिम्युलेटरमध्ये व्ही-वननंतर (म्हणजे ज्या वेगानंतर टेकऑफ रद्द करत नाहीत, तो ओलांडल्यावर) इंजिन बंद पडतं तेव्हा हात आपसूक चालले, तरच डोकं विचाराला मोकळं राहतं. सिस्टिम्सचं खोल वाचन नंतर केलंस तरी चालेल. सिम पार्टनरशी, म्हणजे सिम्युलेटरमधल्या जोडीदाराशी, मात्र पहिल्या दिवसापासून जमवून घे, संध्याकाळी एकत्र सराव करा. इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगचा (बाहेर न बघता फक्त उपकरणांवरून विमान उडवण्याचा) सराव सुटला असेल तर आत्ताच भरून काढ. प्रशिक्षणात ते नव्याने शिकवायला वेळ नसतो.