अपडाऊन की हॉस्टेल? केमिस्ट्री असेल तर माझं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. मुलीला अमरावती विद्यापीठात एम.एस्सी. केमिस्ट्रीला प्रवेश मिळतोय, गाव दर्यापूर तालुक्यातलं, खर्चाची ओढाताण आहे, आजीही एकटी पडेल. मग रोज अपडाऊन करू द्यावं की हॉस्टेलला ठेवावं? केमिस्ट्री आहे म्हणून सांगतो, तिथंच ठेवा. मराठीचं किंवा इतिहासाचं एम.ए. असतं तर वेगळं बोललो असतो.

दर्यापूर ते अमरावती पन्नासेक किलोमीटर. ऐकायला काहीच नाही. पण साधी गाडी खोलापूर, वलगाव करत जाते, दीड तास धरूनच चाला. त्याआधी गावावरून दर्यापूर गाठायचं. अमरावतीच्या स्टँडवर उतरलं की विद्यापीठ आलं असंही नाही. ते मार्डी रोडला, शहराच्या दुसऱ्या अंगाला, तिथवर ऑटो. (रेल्वेचं कोणी सुचवलं तर हसू नका. शकुंतला, म्हणजे आपली जुनी नॅरोगेज गाडी, चालू असती तरी ती मूर्तिजापूरला नेते.)

तुमच्या गावात मुक्कामी गाडी येते का? येत असेल तर सकाळचं निभतं. नसेल तर रोज कोणीतरी मोटरसायकलवर दर्यापूरला सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायला जायचं. पहिला महिना हे हौसेनं होतं. सोयाबीनची सोंगणी लागली की कोणाला सवड नसते. आणि आपली काळी जमीन; पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी अलीकडूनच माघारी फिरते, हे तुम्हाला मी काय सांगावं.

आता प्रॅक्टिकलचं. ऑरगॅनिकला रिफ्लक्स लावलं, म्हणजे मिश्रण उकळत ठेवून वाफ थंड करून परत आत सोडत राहायचं, की दोन-दोन तास जागचं हलता येत नाही. मग गाळायचं, वाळवायचं, क्रिस्टल पडायची वाट पाहायची, मेल्टिंग पॉइंट घ्यायचा. शेवटची गाडी डोक्यात असलेली मुलगी चार वाजल्यापासून घड्याळ पाहते आणि क्रिस्टल पडायच्या आत बॅग उचलते. रीडिंग मैत्रिणीच्या वहीतून उतरवते. सबमिशनपुरतं ते चालतं. पण पुढं नेट-सेट द्यायची असेल किंवा कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी हवी असेल, तर हाताला वळण लागलेलं नसतं. मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो; अपडाऊन करून एम.एस्सी. झालेली हुशार पोरं ब्युरेट (द्रव मोजून सोडायची काचेची नळी) धरताना बिचकतात, ते पाहतो.

आजीचं म्हणणं खरं आहे. पण अंधार पडल्यावर दमून घरी आलेली मुलगी आजीजवळ बसणार कधी? वर आल्या आल्या भाकरी टाकायला तिलाच हाक पडणार. राग मानू नका, आपल्याकडं हे असंच असतं.

खर्चाचं बघू. रोज जायचं असेल तर एसटीचा विद्यार्थी पास परवडतो, साधारण एक तृतीयांश भाड्यात होतो. हॉस्टेलला राहून शनिवार-रविवारच यायचं असेल तर पास काढूच नका. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहेच. तुम्ही अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असाल तर आधी समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज भरा. तिथं नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. अमरावतीसारख्या विभागाच्या शहरासाठी त्यात वर्षाला ५१ हजारांची तरतूद होती. सध्याचा आकडा आणि टक्केवारीची अट समाजकल्याणच्या ऑफिसात विचारून घ्या. ही मदत घर सोडून बाहेर राहणाऱ्यांसाठी असते, अपडाऊनवाल्यांना ती नाही. पैसे हप्त्यानं येतात, म्हणून सुरुवातीच्या काही महिन्यांची सोय हाताशी ठेवा.

विद्यापीठाच्या आवारात मुलींचं हॉस्टेल आहे. प्रवेश झाला म्हणजे खोली मिळाली असं समजू नका, तो अर्ज वेगळा. नंबर नाही लागला तर दोघी-तिघींनी मिळून त्याच बाजूला खोली करावी. मेसचं जेवण मानवलं नाही तर गावाकडून डबा पाठवता येतो. आमच्या वेळी डबे एसटीनंच यायचे. कापडी पिशवीवर नावाची चिठ्ठी शिवलेली, आणि वरण झाकणाबाहेर येऊन पोळ्यांपर्यंत पोचलेलं.

हॉस्टेलची यादी लागेपर्यंत थोडे दिवस अपडाऊन करावंच लागेल. तेवढ्यासाठी बोनाफाईड घेऊन एका महिन्याचाच पास काढा, तीन महिन्यांचा नको.