ते मूल आपल्या घरी का नाही?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही निवृत्त शिक्षक आहोत. मागील वर्षी नेपाळच्या प्रवासात काठमांडूमधील एका बालगृहाला भेट देण्याचा योग आला. तेथे चाळीसेक मुले होती. त्यांनी आमच्यासाठी गाणी म्हटली, नाच करून दाखवला, आणि चार-पाच वर्षांची एक मुलगी तर आम्ही बसताक्षणी माझ्या मांडीवर येऊन बसली, आम्ही निघेपर्यंत हात सोडेना. संचालकांनी सांगितले की सर्व मुले अनाथ आहेत आणि दरमहा ठराविक रक्कम पाठवून एका मुलाचे आर्थिक पालकत्व घेता येते. आम्ही तेथेच थोडी देणगी दिली. परतल्यावर मात्र एक गोष्ट मनातून जाईना. तेथील एका काचेच्या कपाटात पाहुण्यांनी दिलेल्या रंगपेट्या आणि खेळणी प्लास्टिकच्या वेष्टनातच रचून ठेवलेली होती. एकही उघडलेले नव्हते. आम्हांला मदत करायची आहे. ती करावी का, आणि करायची तर कशी, हे ठरत नाही.

उत्तर : न उघडलेल्या रंगपेट्यांवरून त्या संस्थेबद्दल निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. सगळ्या मुलांना पुरतील इतक्या जमेपर्यंत त्या राखून ठेवल्या असतील. परंतु भेटवस्तू मुलांच्या हाती का पडत नाहीत हा प्रश्न तुम्हांला पडला, तसाच त्याआधीचा एक प्रश्नही विचारायला हवा : ही मुले मुळात तेथे आली कशी?

‘अनाथ’ म्हटले की आई-वडील दोघेही नसलेले मूल आपल्या डोळ्यांपुढे येते. युनिसेफसारख्या जागतिक संस्था मात्र दोघांपैकी एक जरी गेले असेल तरी त्या मुलाची गणना अनाथांत करतात. त्यामुळे आवाहनपत्रकांत छापले जाणारे कोट्यवधींचे आकडे ज्या मुलांचे असतात, त्यांतील बहुसंख्य मुले आई, वडील, आजी किंवा अन्य नातलगांजवळच राहत असतात. बालगृहांतील मुलांची स्थितीही फारशी वेगळी नाही. कंबोडियात झालेल्या पाहणीत बालगृहांतील सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे दिसले, हैतीमध्ये हे प्रमाण सुमारे ऐंशी टक्के सांगितले जाते, आणि नेपाळमध्येही बहुतेक मुलांची हीच कथा आहे. मग ही मुले घरी का नाहीत? बहुतेक वेळा उत्तर एकच असते : गरिबी, आणि मुलाला शाळा मिळेल ही आशा.

नेपाळपुरते बोलायचे तर तेथील बहुतांश बालगृहे काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत एकवटलेली आहेत. देशातील सर्वांत गरीब मुले या जिल्ह्यांत राहतात असे नाही. परदेशी पाहुणे मात्र येथेच येतात. १९९६ ते २००६ या काळातील सशस्त्र संघर्षात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील आई-वडिलांना दलालांनी गाठले, शहरात चांगले शिक्षण मिळेल असे सांगून त्यांच्याकडून पैसे घेतले, मुलांना राजधानीत आणले आणि कित्येकांच्या बाबतीत पालक मृत असल्याची खोटी कागदपत्रे तयार केली. अशा मुलांना ‘कागदी अनाथ’ म्हणतात. शेत किंवा जनावर विकून मुलाला शिकायला पाठवलेली आई गावात वाट पाहत असते, आणि शहरात तिचे मूल पाहुण्यांपुढे आपण अनाथ असल्याचे सांगत असते. या अनुभवामुळेच २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई केली आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. त्याआधी, २०१० च्या भूकंपानंतर हैतीमधून ३३ मुलांना सीमेपार नेऊ पाहणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांना अटक झाली, तेव्हा त्यांतील बहुतेक मुलांचे आई-वडील जिवंत असल्याचे उघड झाले होते.

तुम्ही पाहिलेली संस्था अशीच आहे, असे मी म्हणत नाही. अनेक ठिकाणी चालक मनापासून राबतात. पण चालकांच्या प्रामाणिकपणाने प्रश्न सुटत नाही, आणि यासाठी मला तुमच्या मांडीवर बसलेल्या मुलीबद्दल लिहायचे आहे. तिचा लळा खरा होता. त्याबद्दल शंका नको. तरीही चार वर्षांचे जे मूल घरात वाढते, ते अनोळखी माणूस आला की आधी आईच्या पदराआड जाते, तेथून डोकावून पाहते आणि मग हळूहळू पुढे येते. आल्या क्षणी परक्याच्या मांडीवर चढणाऱ्या मुलाजवळ बहुधा असा पदरच नसतो. संस्थेत वाढलेल्या मुलांमधील ही सरसकट जवळीक अभ्यासकांनी वारंवार नोंदवली आहे.

रुमानियात १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा तेथील बालगृहांत लाखाहून अधिक मुले असल्याचे जगाला कळले. पुढे बुखारेस्टमधील संस्थांतील १३६ तान्ह्या व लहान मुलांचा अभ्यास नेल्सन, फॉक्स आणि झीना या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी केला. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने निम्मी मुले प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचे मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, पाठवण्यात आली आणि उरलेली नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणे आणि माणसांशी असलेले नाते या सर्वांत सुधारणा झाली, आणि जी मुले साधारण दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली, त्यांची सुधारणा सर्वांत चांगली होती. अन्न, कपडे आणि औषधे संस्था पुरवू शकते. पण दर आठ तासांनी बदलणारी सेविका कितीही मायाळू असली, तरी रात्री दचकून उठलेल्या मुलाला तीच व्यक्ती पुन्हा दिसेल याची हमी ती देऊ शकत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की नव्या बालगृहाच्या इमारतीसाठी किंवा खाटा वाढवण्यासाठी पैसे देऊ नयेत. खाट रिकामी राहिली की तिची देणगीही थांबते, आणि म्हणून ती रिकामी राहू दिली जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्टच म्हटले आहे की केवळ गरिबी हे मुलाला आई-वडिलांपासून दूर करण्याचे कारण असू नये. अत्याचारातून सोडवलेल्या, युद्धात हरवलेल्या, कोणीच नातलग न सापडलेल्या मुलांना निवारा लागतोच. पण तो लहान असावा, शक्य तितका थोड्या काळाचा असावा, आणि त्या काळात कुटुंबाचा शोध चालू असावा.

मासिक रक्कम पाठवण्याआधी तुम्ही त्या संस्थेला पत्र लिहा. मुलांपैकी किती जणांचे आई-वडील हयात आहेत, ते मुलांना कधी भेटतात, आणि गेल्या वर्षभरात किती मुले घरी किंवा नातलगांकडे परत गेली, हे विचारा. सरकारी नोंदणीचा दाखला आणि लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागा. तुमच्यासारखे अनोळखी पाहुणे कोणत्याही चौकशीशिवाय मुलांपर्यंत कसे पोहोचले, हेही विचारायला संकोच करू नका. जेथे मुलांच्या सुरक्षिततेचे नियम खरोखर पाळले जातात, तेथे वाटेवरच्या पाहुण्याला मुले मांडीवर घ्यायला मिळत नाहीत. घरी परतलेल्या मुलांबद्दल जी संस्था उत्साहाने आणि तपशिलाने लिहील, तिला मदत करावी. उत्तरादाखल केवळ मुलांचे हसरे फोटो आले तर थांबावे. संस्थेची मातृसंस्था अमेरिकेत असेल तर तिचे वार्षिक विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ९९०, आणि इंग्लंड किंवा वेल्समध्ये असेल तर चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीतील तिचे हिशेब कोणालाही पाहता येतात.

बालगृह सोडून अन्यत्र द्यायचे ठरवले, तर मुलाला घरातच राहू देणारी कामे पुष्कळ आहेत. दक्षिण आफ्रिकेत १९९८ पासून सरकारी बालअनुदान मुलाला प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या हाती दिले जाते. ती आई असो, आजी असो की मावशी. एड्सच्या साथीत आई-वडील गमावलेली असंख्य मुले आजीजवळच वाढली, ती अशा आधारावर. केनियातही अनाथ व निराधार मुले सांभाळणाऱ्या कुटुंबांना रोख मदत देण्याची योजना २००४ मध्ये सुरू झाली. सरकारचे हे काम काही स्वयंसेवी संस्था छोट्या प्रमाणावर करतात, आणि तुमची मासिक रक्कम तेथे चांगली कामी येईल. आर्थिक पालकत्वाची कल्पनाही टाकाऊ नाही, मात्र मूल आपल्या घरी राहत असले पाहिजे. काँपॅशन इंटरनॅशनल या संस्थेच्या सहा देशांतील योजनेचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात मदत मिळालेली मुले इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष अधिक शिकली होती. ही मुले आपापल्या घरी राहूनच शिकत होती.

एक उदाहरण मला फार जवळचे वाटते. तीव्र कुपोषित मुलाला पूर्वी रुग्णालयात आठवडेच्या आठवडे ठेवावे लागे, आणि घरातील इतर मुलांना सोडून आईला तेथे राहावे लागे. १९९६ मध्ये आंद्रे ब्रियां या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने शेंगदाणे, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे एकत्र करून एक घट्ट लगदा तयार केला. त्याची पुडी ९२ ग्रॅमची असते आणि तीतून सुमारे ५०० किलोकॅलरी मिळतात. ती शिजवावी लागत नाही, तीत पाणी मिसळावे लागत नाही. एक कोपरा फाडला की मूल स्वतःच चोखून खाते. अन्य गुंतागुंत नसलेली बहुतेक मुले या पुड्यांवर काही आठवड्यांत आपल्या घरीच सावरतात. परदेशातील गरजू मुलांसाठी काही द्यायचे असेल, तर अशा कामाला देताना मला क्षणभरही विचार करावा लागणार नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. सुट्टीत दोन आठवडे कंबोडियातील अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी शिकवण्याची एक सहल आहे. जावे का?

उत्तर : जाऊ नये. तुमचा हेतू चांगला आहे, हे पत्रावरून दिसतेच. पण दोन आठवड्यांनी तुम्ही परताल, मग दुसरी ताई येईल, मग तिसरी. आणि प्रत्येक वेळी लळा लावून तो तोडण्याचे काम त्या मुलांनाच करावे लागेल. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अशा संस्थांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. अनाथ मुले काही त्या प्रमाणात वाढली नव्हती. वाढले होते ते पर्यटक. तेथील फ्रेंड्स इंटरनॅशनल या संस्थेला २०११ मध्ये ‘मुले ही पर्यटनस्थळे नव्हेत’ अशी मोहीम काढावी लागली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथाश्रमांतील स्वयंसेवा आणि पर्यटन यांतून होणारी हानी रोखण्याचे आवाहन आपल्या ठरावात केले. सहलीचे शुल्क तेथील स्थानिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाला द्या. इंग्रजीच शिकवायचे असेल तर त्या शिक्षकांना दूरस्थ पद्धतीने वर्षभर शिकवा. हे काम सुट्टी संपल्यावर थांबणार नाही.

प्रश्न : जुने कपडे व खेळणी परदेशातील बालगृहाला पाठवावीत का?

उत्तर : शक्यतो नको. वाहतूक आणि सीमाशुल्क यांचा खर्च वस्तूंच्या किमतीहून अधिक होतो, आणि त्याच पैशांत त्या वस्तू तेथील बाजारात मिळतात.

प्रश्न : गेली सहा वर्षे आफ्रिकेतील एका अनाथाश्रमातील मुलाचा खर्च मी पाठवतो. आता वाचतो आहे त्यावरून हे चुकले असे वाटू लागले आहे. पुढील महिन्यापासून बंद करू का?

उत्तर : कृपया एकाएकी बंद करू नका. तुम्ही सहा वर्षे दिलेल्या पैशांवर ते मूल जेवले आणि शाळेत गेले आहे. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. देणगीदार अचानक हटले की मुले कोणत्याही तयारीविना रस्त्यावर किंवा अशा घरी पाठवली जातात, जेथे त्यांना धोका असू शकतो.

रवांडाकडे पाहा. १९९४ च्या नरसंहारानंतर तेथे अनाथाश्रम वाढले. २०१२ मध्ये सरकारने ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण आखले. समाजसेवकांनी एकेका मुलाचे कुटुंब शोधले, घरची परिस्थिती पाहिली, आणि कोणी सापडले नाही तेव्हा गावातच प्रतिपालक कुटुंबे तयार केली. अशा पालकांना तेथे ‘मलायिका मुरिंझी’, म्हणजे रक्षक देवदूत, म्हणतात. हे काम सावकाश चालते आणि त्याला पैसे लागतात : समाजसेविकेचा पगार, गावापर्यंतचा प्रवास, आणि मूल घरी गेल्यावर किमान काही वर्षे त्या घराला आधार.

तुम्ही संस्थेला कळवा की आणखी दोन-तीन वर्षे तुम्ही तेवढीच रक्कम पाठवाल, पण ती या मुलाच्या कुटुंबाचा शोध, तेथे जाण्यायेण्याचा खर्च आणि पुढे घरी राहून शिक्षण यांसाठी वापरावी अशी तुमची इच्छा आहे. संस्थेला हे जमत नसेल, तर त्या देशात मुलांना घरी परतवण्याचे काम करणारी दुसरी संस्था तिला जोडून देता येईल का, हे पाहा. मूल मोठे असेल तर त्याचे मत विचारल्याशिवाय काहीही ठरू नये, हेही लिहा. आणि त्याला तुम्ही जी पत्रे पाठवता, ती तो आजीकडे किंवा मामाकडे गेल्यावरही पाठवत राहा. त्याच्या घरचा पत्ता तुम्हांला मिळणार नाही, मिळूही नये. पण समाजसेविकेमार्फत पत्र त्याच्यापर्यंत पोहोचू शकते.