‘ॲशेस राखली’ की ‘जिंकली’?

ॲशेस म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी क्रिकेट मालिकेचं मानचिन्ह. प्रश्न असा: 2023 च्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेबद्दल ‘ऑस्ट्रेलियाने ॲशेस राखली’ म्हणावं की ‘जिंकली’? ॲशेस एकवचनी की अनेकवचनी? आणि तिला मराठीत राख म्हणायचं की अस्थी?

‘राखली’च बरोबर. मालिका बरोबरीत सुटली तर ॲशेस आधीपासून ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहते, आणि 2023 मध्ये ती ऑस्ट्रेलियाकडे होती. ओल्ड ट्रॅफर्डच्या चौथ्या कसोटीचा शेवटचा दिवस पावसाने धुऊन नेला, सामना अनिर्णित राहिला, ऑस्ट्रेलिया 2-1 ने पुढे. पाचवी कसोटी गमावली तरी 2-2, म्हणून ॲशेस त्याच दिवशी राखली गेली. पुढे ओव्हलवर इंग्लंड 49 धावांनी जिंकलं आणि मालिका खरोखरच 2-2 झाली. मालिका कुणीच जिंकली नाही, ॲशेस मात्र राखली गेली. हातची गेलेली ॲशेस पुन्हा आली तर ‘परत मिळवली’ म्हणावं. ही तीन क्रियापदं एकमेकांच्या जागी वापरली की निकालच चुकीचा कळतो.

आता राख की अस्थी. त्यासाठी या नावाचा उगम पाहू. ऑगस्ट 1882 मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडला जिंकायला 85 धावा हव्या होत्या. 2 बाद 51 वरून डाव 77 वर आटोपला. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पॉफर्थने सामन्यात 14 बळी घेतले. त्यानंतर ‘स्पोर्टिंग टाइम्स’ या इंग्लिश वृत्तपत्राने इंग्लिश क्रिकेटचा मृत्युलेख छापला: देहाचं दहन होईल आणि ‘ॲशेस’ ऑस्ट्रेलियाला नेल्या जातील. आपल्याला यात वावगं वाटत नाही, पण तेव्हा इंग्लंडात दफनाची रीत होती. दहन कायद्याला धरून आहे की नाही हेही ठरलेलं नव्हतं. इंग्लंडातल्या वोकिंगला पहिलं अधिकृत दहन झालं ते 1885 मध्ये. त्यामुळे दहनाचा उल्लेख तिथल्या वाचकाला चांगलाच टोचणारा होता.

चितेतून सावडून घेतात त्या अस्थी, उरते ती राख किंवा रक्षा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालतो. मृत्युलेखातलं वाक्य मराठीत आणताना ‘अस्थी’ शोभतं, कारण आपल्याकडे दूरच्या गावी नेतात त्या अस्थीच. लॉर्ड्सवर ठेवलेल्या जेमतेम 11 सेंटिमीटर उंचीच्या कुंभात मात्र बेलची (यष्ट्यांवर ठेवतात त्या लाकडी दांडीची) राख असल्याचं सांगतात. तिथे ‘अस्थिकलश’ ओढूनताणून होतं. मानचिन्हाचं नाव म्हणून ‘ॲशेस’च ठेवावं. रूप स्त्रीलिंगी एकवचनी: ॲशेस राखली, ॲशेसची मालिका. मूळ इंग्रजी शब्द अनेकवचनी असला तरी ‘राख’ आणि ‘मालिका’ दोन्ही स्त्रीलिंगी असल्याने हेच कानाला नैसर्गिक वाटतं.

गंमत म्हणजे संस्कृत ‘रक्षा’चे रक्षण आणि राख हे दोन्ही अर्थ कोशांत आहेत. ‘राख राखली’ हे वाक्य मराठीतच इतकं सुरेख जुळतं.

एक चूक वारंवार दिसते: इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची प्रत्येक कसोटी ॲशेसची समजणं. 1977 ची मेलबर्नची शताब्दी कसोटी ॲशेसची नव्हती. 1979-80 ची तीन सामन्यांची मालिका ऑस्ट्रेलियाने 3-0 अशी जिंकली, पण ॲशेस पणाला लावलेली नसल्याने ती इंग्लंडकडेच राहिली. तिथे ‘ऑस्ट्रेलियाने मालिका जिंकली’ एवढंच लिहावं.