हॅचरीचा हिशेब नदीत बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

वॉशिंग्टन राज्यातल्या सॅल्मन हॅचऱ्यांच्या, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रांच्या, पुनरावलोकनाचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून फार आनंद झाला. रत्नागिरीला शिकताना तू रोहू-कटल्याचं बीज तयार केलंस. तिथे अंडी किती, जिरे (अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं) किती, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) किती जगली यावर केंद्राची पत ठरते, आणि तळ्यापुरता तो हिशेब बरोबरच आहे. सॅल्मन मात्र नदीत सोडतात. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो, जिथे त्याच नदीत जन्मलेले जंगली सॅल्मनही आलेले असतात. म्हणून किती पिल्लं सोडली हा आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर असला, तरी तू तो सगळ्यात शेवटी वाच.

आधी विचार, ही हॅचरी कशासाठी आहे? मासेमारीला मासे पुरवायला, की जंगली माशांना सावरायला? ‘दोन्हीसाठी’ असं उत्तर आलं तर समाधान मानू नकोस, खोदून विचार. वॉशिंग्टनमधल्याच एल्व्हा नदीचा इतिहास वाच. १९१३ साली तिथे धरण पुरं झालं. माशांना वर जायला वाट ठेवणं कायद्याने बंधनकारक होतं, पण वाटेऐवजी हॅचरी चालवून घेण्यात आली. हॅचरी १९२२ मध्ये बंद पडली. धरण मात्र जवळजवळ शंभर वर्षं उभं राहिलं. कित्येक हॅचऱ्या अशाच गमावलेल्या नदीची भरपाई म्हणून आल्या आहेत, हे माहीत असलं की त्यांच्या कागदावरच्या उद्दिष्टांकडे नीट बघता येतं.

मग नदीत उतर. शरदात अंडी घालून मेलेल्या माशांची मोजणी होते, त्या लोकांबरोबर काठाकाठाने चाल. शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला असेल तर मासा हॅचरीचा. पर शाबूत असला म्हणून तो जंगलीच, असं मात्र समजू नकोस. काही कार्यक्रमांत पर कापत नाहीत, तिथे नाकातली सूक्ष्म तार किंवा कानातल्या खड्यावरची खूण तपासावी लागते. या मोजणीतून पहिला आकडा मिळतो: नदीत अंडी घालणाऱ्यांत हॅचरीचे किती. दुसरा आकडा हॅचरीतला: प्रजननासाठी घेतलेल्यांत नदीत जन्मलेले किती. दुसऱ्याला दोघांच्या बेरजेने भाग. समज, नदीत हॅचरीचे २५ टक्के आणि हॅचरीत जंगली ५० टक्के, तर उत्तर सुमारे ०.६७. महत्त्वाच्या जंगली माशांच्या समूहांशी जोडलेल्या हॅचरीसाठी, हॅचऱ्या तपासणाऱ्या वैज्ञानिक पुनरावलोकन गटाने किमान एवढंच सांगितलं आहे. यापेक्षा खाली गेलं की माशांना घडवण्यात नदीपेक्षा हॅचरीची टाकी वरचढ होऊ लागते.

टाकीत जगतो तो गर्दी सोसणारा, वरून पडणारं खाद्य पटकन गिळणारा, शत्रू न पाहिलेला मासा. ओरेगनमधल्या हूड नदीतल्या स्टीलहेड या सॅल्मनच्या कुळातल्या माशावरचा २००७ चा अभ्यास सांगतो की हॅचरीतल्या प्रत्येक पिढीमागे नदीत संतती वाढवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. हे वाचून मला रात्रभर झोप आली नव्हती.

तरीही ‘सगळ्या हॅचऱ्या बंद करा’ असं लिहायची घाई करू नकोस. आयडाहोतल्या रेडफिश लेकपर्यंत, समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर वर, १९९२ साली सॉकाय जातीचा एकच सॅल्मन पोहोचला. बंदिस्त प्रजनन झालं नसतं तर तो वंश आज नसता. आयडाहोतल्याच जॉन्सन क्रीक या ओढ्यात नेझ पर्स या आदिवासी जमातीच्या लोकांनी फक्त नदीत जन्मलेले चिनूक जातीचे सॅल्मन प्रजननासाठी वापरले, आणि तिथल्या अभ्यासात हॅचरीच्या माशांनी जंगली माशांसोबत अंडी घातली तरी तसा तोटा दिसला नाही. म्हणजे पद्धतीने फरक पडतो.

आणखी एक. १९७४ च्या न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने, सरकारशी करार केलेल्या वॉशिंग्टनमधल्या आदिवासी जमातींचा पकडता येण्याजोग्या निम्म्या माशांवरचा हक्क मान्य झाला. धरणांनी आणि तोडलेल्या जंगलांनी नद्या उजाड केल्यावर त्या हक्काला बऱ्याच ठिकाणी हॅचरीच्या माशांचाच आधार उरला. तू सोडणीचा आकडा कमी करायला सांगशील, तेव्हा तो कुणाच्या जाळ्यातून कमी होतो हे त्या जमातींसमोर बसून, मसुदा पाठवण्याआधी बोल. आणि त्याच अहवालात रस्त्याखालून ओढा नेणारी कुठली नळी बदलायची, कुठला अडथळा काढायचा, हेही नावानिशी लिही.

मसुद्यातलं नदीच्या मोजणीचं प्रकरण तयार झालं की मला आधी तेवढंच पाठव.

तुझे,
सर