आधी गाडी उलटी करा

जुन्या खेळण्यातल्या गाड्यांबद्दल आलेल्या वाचकांच्या पत्रांना या सदरात मी उत्तरं देते. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: भोसरीच्या एका डाय-कास्टिंग कारखान्यात, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून भाग ओततात तिथे, मी २७ वर्षं तपासणी विभागात होते. स्कूटरच्या कार्ब्युरेटरच्या जस्ताच्या बॉड्या दिवसभर हाताखालून जायच्या. मॅचबॉक्स, डिंकी, कॉर्गी या ब्रिटिश खेळण्यातल्या गाड्याही तशाच ओतलेल्या, त्याच जातीच्या मिश्रधातूच्या. त्यामुळे गाडी हातात आली की मी आधी ती उलटी करते. रंग, बोनेट, काचा सगळं नंतर.

आजोबांच्या ट्रंकेत लाल डबलडेकर बस सापडली. तळावर ‘लेस्नी’, ‘इंग्लंड’ आणि ५ हा आकडा आहे. चाकं राखाडी प्लास्टिकची. मावसभावाकडे अगदी तशीच बस आहे, पण तिची चाकं काळी. तो म्हणतो, माझ्या बसची चाकं कुणीतरी बदलली आहेत. खरं काय? (एक वाचक, सांगली)

तुम्ही पाठवलेले फोटो भिंगाखाली धरून पाहिले. चाकं मूळचीच आहेत. आणि मावसभावाचीही मूळचीच असणार.

लेस्नी म्हणजे लेस्ली आणि रॉडनी. दोघांचं आडनाव स्मिथ, पण नात्यातले नव्हेत. १९४७ साली लंडनमध्ये एका बंद पडलेल्या पबच्या जागेत त्यांनी डाय-कास्टिंगचं काम सुरू केलं, आणि जॅक ओडेल हा साच्यांमधला जाणकार त्यांना येऊन मिळाला. ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून त्याने तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. त्यातून १९५३ साली मॅचबॉक्स मालिका निघाली. पुढे तिचे क्रमांक १ ते ७५ असे ठरून गेले. इथे नव्या संग्राहकाची एक चूक हमखास होते. क्रमांक तेच राहत, पण त्या क्रमांकाची गाडी बदलत जाई. ५ नंबरची लंडनची बस १९५४ला आली, मग १९५७ला थोडी मोठी आली, १९६१ला रूटमास्टर (लंडनच्या डबलडेकरचा एक प्रकार) आली आणि १९६५ला आणखी मोठी रूटमास्टर. म्हणजे नुसत्या ‘५ नंबर’वरून वय कळत नाही. तुमची १९६१ला आलेली रूटमास्टर आहे.

आता चाकं. मॅचबॉक्सची पहिली चाकं धातूची होती. पन्नासचं दशक संपता संपता राखाडी प्लास्टिकची आली, काहींना चंदेरी, आणि साठच्या दशकात काळ्यांनी सगळ्यांची जागा घेतली. पण हा बदल एका सकाळी घंटा वाजवून झालेला नाही. चाकं एका विभागात घडतात, बॉडी दुसऱ्या विभागात, रंग तिसऱ्यात, आणि जोडणीच्या टेबलावर सगळं एकत्र येतं. आमच्याकडे नवीन स्क्रू आला तरी जुन्या स्क्रूची पेटी संपेपर्यंत तोच लागायचा, आणि दोन्ही पेट्या शेजारी असल्या की एका पाळीत दोन्ही प्रकारचा माल बाहेर पडायचा. लेस्नीत रोज हजारोंनी गाड्या निघत, तिथे हे झालंच असणार. म्हणून एकाच बसची राखाडी आणि काळी अशी दोन्ही चाकं सापडतात. संग्राहक तर भिंग लावून चाकाच्या काठावरचे दातेसुद्धा मोजतात, कारण चाकांचे साचे बदलले की दात्यांची संख्या बदलते. हे वेड वाटेल, पण त्या साच्यामागे एक माणूस होता, हे मला तिथेच सर्वात स्पष्ट दिसतं.

चाक बदललेलं असेल तर ते लपत नाही. धुऱ्याची तार चाकांतून आरपार जाते आणि तिचं टोक यंत्राने दाबून फुगवलेलं असतं. जुन्या गाड्यांवर ते चिमटून चपटं केल्यासारखं दिसतं, नंतरच्यांवर गोल टिकलीसारखं. चाक काढायचं तर हे टोक कापावं किंवा घासावं लागतं. मग तिथे कानशीचे ओरखडे दिसतात, धातूची ताजी चकाकी दिसते, नाहीतर डिंकाचा डाग दिसतो. तुमच्या चारही टोकांवर जुनी, सारखी काळपट छटा आहे. मावसभावाला ही टोकंच दाखवा.

एक विनंती. बसच्या बाजूवरची जाहिरात नीट वाचून कळवा, फोटोत उजेड पडल्यामुळे ती दिसत नाही. या रूटमास्टरवर ‘प्लेयर्स प्लीज’ ही सिगारेटची जाहिरात येते, ‘व्हिस्को-स्टॅटिक’ या तेलाची येते, आणि ‘पेअरड्रॅक्स’ या नासपतीच्या पेयाचीही येते. शेवटची फार कमी सापडते. ही चित्रं पाण्यात भिजवून सरकवायच्या ट्रान्सफरची आहेत. ओल्या फडक्याने पुसू नका. अंगठ्यानेही नको.

वडिलांनी नागपूरला आणलेली जग्वार. दिसायला डिंकी टॉईज, पण तळावर नाव असायला हवं तिथे खरवडल्यासारखी पट्टी आहे, आणि ‘इंग्लंड’ कुठेच नाही. दुकानदार म्हणाला, नकली आहे, फेकून द्या. (एक वाचक, नागपूर)

फेकू नका! तुमचे वडील कलकत्त्याला जात-येत असत असं तुम्ही पत्रात लिहिलंच आहे, आणि उत्तर तिथेच आहे.

डिंकी ही लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची. फ्रँक हॉर्नबी यांची ती कंपनी, बिन्स रोडवरचा तो प्रसिद्ध कारखाना, जो १९७९च्या नोव्हेंबरात बंद झाला. त्याआधी, साठच्या दशकाच्या अखेरीस, मेकॅनोने आपले काही जुने साचे कलकत्त्याला विकले. त्या साच्यांतून तिथे गाड्या ओतल्या गेल्या आणि ‘निकी टॉईज’ या नावाने विकल्या गेल्या. डिंकी हे नाव दुसऱ्याचं, म्हणून साच्यातून ते काढावं लागलं. तुमची ‘खरवडलेली पट्टी’ ती हीच.

हे काम कसं होतं ते सांगते, कारण त्यावरून खरं-खोटं कळतं. गाडीवर जी अक्षरं उंच दिसतात ती साच्यात खोल कोरलेली असतात. ती नाहीशी करायची तर दोनच वाटा. एक, खोलगट अक्षरांत वेल्डिंगने धातू भरायचा आणि घासून सपाट करायचं. दुसरी, अक्षरांच्या भोवतीचा सगळा तुकडाच तेवढा खोल कापायचा. तेव्हा गाडीवर त्या जागी किंचित उंच, कोरा चौकोन उमटतो. बोट फिरवून पाहा. उंच लागला तर साचाच बदलला आहे. कुणी घरी कानशीने नाव घासलं असेल तर जागा खोलगट लागेल आणि रंगही तिथे उडालेला असेल. तुम्ही लिहिता, पट्टीवर रंग अखंड आहे. मग शंका कशाला?

आणखी एक खूण. दरवाजाच्या कडेला आणि मागच्या बंपरखाली धातूची बारीक पापुद्र्यासारखी धार लागते असं तुम्ही लिहिलंत. तिला आम्ही फ्लॅश म्हणायचो. साच्याचे दोन भाग लाखो शॉट मारून, म्हणजे लाखो वेळा धातू भरून, झिजले की ते घट्ट मिटत नाहीत, आणि फटीतून जस्त बाहेर येतं. लिव्हरपूलला लाखो गाड्या काढून दमलेला साचा कलकत्त्यात पुन्हा कामाला लागला होता. त्या माणसांनी तोच साचा हाकत हाकत इथल्या मुलांच्या हातात गाडी दिली. दुकानदाराला ती धार म्हणजे दोष वाटला. मला ती या गाडीची सर्वात बोलकी जागा वाटते. कृपा करून घासून गुळगुळीत करू नका.

हॉट व्हील्सच्या तळावर १९८२ लिहिलं आहे आणि ‘मेड इन इंडिया’ही. पण १९८२ला भारतात हॉट व्हील्स होत्या का? (एक वाचक, पुणे)

नव्हत्या. तळावरचं साल हे त्या डिझाइनच्या हक्काचं साल असतं, गाडी बनली त्याचं नव्हे. तीच बॉडी पुढे दहा-पंधरा वर्षं निघाली तरी आकडा तोच राहतो. भारतात लिओ मॅटेलच्या (हॉट व्हील्सची अमेरिकन कंपनी मॅटेल, तिच्यासोबतची इथली लिओ) गाड्या ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात यायला लागल्या. माझ्या धाकट्या भावाकडे होत्या, अजून तीन आहेत. लिओच्या गाड्यांचे रंग कित्येकदा अमेरिकेतल्या त्याच गाडीला कधी लागलेच नाहीत, म्हणून परदेशातले संग्राहक त्या शोधत असतात. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर मोडक्या खेळण्यांच्या ढिगात तळ बघत चला.

आमच्याकडे युद्धापूर्वीची डिंकी आहे. अंगावर केसासारख्या भेगा पडल्या आहेत आणि छत फुगलं आहे. एम-सील लावू का? बाकीच्या गाड्यांना हा रोग लागेल का? (एक वाचक, मुंबई)

लागणार नाही. तेवढी काळजी सोडा. हा रोग बाहेरून येत नाही, जन्मतःच आत असतो.

या मिश्रधातूत मुख्य जस्त, चारेक टक्के ॲल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम, कधी तांबं. जस्त अगदी शुद्ध लागतं. त्यात शिसं, कथील किंवा कॅडमियम अगदी नखाएवढं जरी गेलं तरी धातूच्या कणांच्या सीमांवर आतल्या आत गंज चढतो, धातू फुगतो, भेगाळतो आणि शेवटी बोटात भुगा होतो. आमच्या भट्टीजवळ शिशाची साधी गोळीही आणायला बंदी होती. बाहेरचं भंगार भट्टीत टाकलं म्हणून एका माणसाला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली होती. तेव्हा मला ते कठोर वाटलं. घरी एका जुन्या गाडीचं चाक हातातच तुटून आलं तेव्हा कळलं.

यावर औषध नाही. एम-सील भेगेत बसेल, पण आतून धातू फुगतच राहील आणि सीलला ढकलून नवी भेग पाडेल. उष्णता आणि दमटपणा हे काम वेगाने करतात, आणि मुंबईत दोन्ही भरपूर. गाडी काचेच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, उन्हापासून लांब ठेवा. पुड्या पावसाळ्यात बदलत राहा. गाडी उचलताना छताला धरू नका, तळाखाली तळहात द्या. आणि आजच सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तळाचाही. ती गाडी फार वर्षं राहणार नाही, पण तिच्यावर काय लिहिलं होतं ते राहू शकेल.

माझ्याकडच्या चाळीस गाड्यांची किंमत सांगाल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

सांगत नाही, फोटोवरून सांगताही येत नाही. एवढंच पाहा: मूळ खोकं आहे का? असेल तर त्याला सेलोटेप लावू नका आणि कसरीपासून जपा. रिकामं खोकं गाडीपेक्षा दुर्मिळ असतं, कारण मुलं गाडी ठेवायची आणि खोकं आई केरात टाकायची.

वडिलांच्या सत्तरीला त्यांचा लहानपणचा डिंकीचा आगीचा बंब नवा कोरा रंगवून द्यायचा आहे. जुना रंग काढायला कोणतं रसायन वापरू? (एक वाचक, डोंबिवली)

तुमच्या मनातलं प्रेम मला कळतं, म्हणूनच नाव सांगत नाही.

१९९१ साली चोरबाजारातून मी एक डबलडेकर आणली. वर सांगलीच्या वाचकांनी लिहिली तीच रूटमास्टर, राखाडी चाकांची. कुणा मुलाने तिच्यावर घरातला निळा ऑइल पेंट फासला होता. मी हुशारीने तो काढायला बसले. कारखान्यातलं रसायन, ब्रश, रबरी हातमोजे, सगळं व्यवस्थित. निळा निघाला. त्याखालचा लाल निघाला. लालावरची ट्रान्सफरही निघाली. पाण्यात कागदाचा एक पिवळट तुकडा तरंगत होता, त्यावर एकही अक्षर उरलं नव्हतं. उरली ती उघडी, राखाडी धातूची बस. तिच्यावर प्लेयर्स होतं की पेअरड्रॅक्स, हे मला आता कधीच कळणार नाही. आणि ज्या मुलाने तिला निळं केलं, त्याचंही काही उरलं नाही. ती बस मी विकली नाही. माझ्या कपाटात वरच्या फळीवर तशीच आहे.

तुमच्या वडिलांच्या बंबाचा रंग शिडीच्या टोकाला आणि पुढच्या उजव्या मडगार्डला उडाला आहे. उजव्याच का? ते बंब भिंतीच्या कडेने घासत न्यायचे का? कोणत्या घरात? पुढच्या रविवारी बंब त्यांच्या हातात द्या आणि विचारा. ते सांगतील ते लिहून घ्या, आणि मऊ, कोरड्या ब्रशने फक्त धूळ झटका. वाढदिवसाला त्याच्यासाठी काचेची पेटी करून घ्या. मापं पाठवलीत तर पुण्यातल्या कोणत्या गल्लीत ती चांगली करून मिळते ते मी कळवते.