खेळ जपावा की बदलावा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच मुद्द्यावरची निघाली: आवडता जुना खेळ डागडुजी करून चालू ठेवायचा, की काढून तिथे नवा बसवायचा? एक वेंगुर्ल्याचं, एक चिपळूणचं, एक मालवण तालुक्यातलं. मनोरंजन पार्कांच्या देखभाल खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि उत्तर लांबलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न: मुलगी-जावई फ्लोरिडात ऑरलँडोला असतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कात ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ दाखवलं. मला आणि ह्यांना फार आवडलं. नातू म्हणतो, हे जुनाट झालंय, पाडून रोलर कोस्टर बांधायला हवा. जावयांचं म्हणणं, शेवटचा प्रवेश तेवढा नवा करावा. मुलगी म्हणते, वॉल्ट डिस्नेंच्या हातचं काम आहे, खिळासुद्धा हलवायचा नाही. घरच्या ग्रुपवर अजून हाच वाद चालू आहे. तुमचं मत काय?
(एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर: ताई, ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. हे एक गोल नाट्यगृह आहे. रंगमंच मधोमध जागच्या जागी असतो आणि प्रेक्षक खुर्च्यांसकट त्याच्याभोवती सरकत जातात. रंगमंचावर हलणाऱ्या-बोलणाऱ्या यांत्रिक पुतळ्यांचं एक कुटुंब आहे. पहिल्या प्रवेशात विसाव्या शतकाची सुरुवात. दुसऱ्यात १९२०च्या सुमाराची वीज घरात आलेली, सगळीकडे वायरी लोंबताहेत, भार जास्त होऊन फ्यूज उडतो. तिसऱ्यात १९४०चं दशक, टीव्ही आणि भांडी धुण्याचं यंत्र. चौथ्यात नाताळची संध्याकाळ. आजी डोळ्यांवर व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चष्मा चढवून खेळतेय, आणि बोलून चालवायचा ओव्हन तिच्या खेळातले गुण ऐकून तेच तापमान समजतो. टर्की करपते. १९९४ साली लोकांनी याकडे उद्याचं घर म्हणून पाहिलं. आज वेंगुर्ल्यातली पोरं फोनला तोंडी हुकूम सोडतात. नातवाला ते जुनाट वाटलं तर त्याला नावं ठेवू नका.

आता तुमच्या मुलीचा मुद्दा. हा खेळ पहिल्यांदा लागला १९६४ साली, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात, जनरल इलेक्ट्रिकच्या दालनात. १९६७ मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला गेला, १९७३ मध्ये तिथून उठला आणि १९७५ मध्ये फ्लोरिडात उभा राहिला. फ्लोरिडात आला तेव्हा त्याचं गाणंसुद्धा बदललं होतं. मूळ गाणं नव्वदच्या दशकात परत आलं. आणि शेवटचा प्रवेश? १९६४, १९६७, १९७५, १९८१, १९८५, १९९४, एवढ्या वेळा नव्याने रचला गेला. वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारले, म्हणजे १९६७ पासूनचा प्रत्येक शेवट लोकांसमोर आला तो त्यांच्या पश्चात. मुलीला हा इतिहास जरूर सांगा. ‘काहीही हलवू नका’ असं म्हणणारे ज्या रूपाला मूळ समजतात ते मूळ नाहीच. या खेळाचा शेवट बदलत राहणं हीच त्याची रीत होती. १९९४ नंतर कित्येक वर्षं ती रीत मोडली आणि खेळ तिथेच अडकला.

आपल्याकडे दशावतारात हेच आहे. आधी आडदशावतार: गणपती, सरस्वती, संकासुर, ठरलेल्या चालीने. त्यात कुणी ढवळाढवळ करत नाही, केली तर म्हातारीकोतारी लगेच ओरडतात. पुढचं आख्यान मात्र लिहिलेलं नसतं. नट उभ्या उभ्या बोलतात, त्या गावचं, त्या वर्षीचं काहीतरी त्यात येतं आणि पहाटेपर्यंत माणसं जागी राहतात. कॅरोसेलचे पहिले तीन प्रवेश आडदशावतारासारखे ठेवावेत. चौथा हे आख्यान आहे, ते दर दहा-पंधरा वर्षांनी नव्याने रंगायलाच हवं. तेव्हा माझं मत सरळ जावयांच्या बाजूने.

नातवालाही एक गोष्ट सांगायची आहे. रोलर कोस्टर त्याला त्याच पार्कात, त्याच टुमॉरोलँड भागात मिळतो. स्पेस माउंटन. तो आणि कॅरोसेल फ्लोरिडात एकाच दिवशी सुरू झाले, १५ जानेवारी १९७५. म्हणजे वेग हवा असलेल्यांची आणि बसून पाहणाऱ्यांची सोय पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी केलेली आहे. मी पार्कात काम करताना सगळ्यात जास्त वाईट मला एका गोष्टीचं वाटायचं: कुटुंब येतं, तरुण मंडळी खेळांकडे धावतात आणि आजी-आजोबा बाहेर बाकावर पिशव्या राखत बसतात. तिकीट त्यांचंही पूर्ण काढलेलं असतं. सुमारे वीस मिनिटं गारव्यात बसून नातवाबरोबर एकच गोष्ट पाहता येते, असे खेळ जगभर कमी होत चालले आहेत. ते पाडून आणखी एक कोस्टर उभा केला तर तुम्ही आणि यजमान पुढच्या खेपेला कुठे बसाल, हे नातवाला विचारा. मुलं समजूतदार असतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

राहिली यंत्रसामग्री. तिथे मात्र भावनेला जागा नाही. चाकं, रूळ, मोटारी, पुतळ्यांच्या आतल्या नळ्या, सगळं खुशाल बदलावं. कॅलिफोर्नियातला स्पेस माउंटन १९७७चा. २००३ मध्ये तो बंद केला, आतला लोखंडी मार्ग काढून अगदी त्याच वळणांचा नवा मार्ग घातला आणि २००५ मध्ये उघडला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा सायक्लोन हा लाकडी कोस्टर १९२७चा आहे, अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंदलेला. समुद्राच्या काठावर इतकी वर्षं असलेल्या त्या लाकडी मार्गाची फळी न फळी बदलत राहावी लागते. फळ्या बदलल्या म्हणून तो सायक्लोन राहिला नाही, असं कुणी म्हणत नाही. चढणीचा कोन तोच आहे, माथ्यावरून दिसणारा समुद्र तोच आहे, आणि त्या उतारावर पोटात येणारा गोळाही तोच.

उलट उदाहरण हवं असेल तर फ्लोरिडातल्याच एपकॉट या डिस्ने पार्कातलं ‘जर्नी इंटू इमॅजिनेशन’ आहे. १९८३चा खेळ, फिगमेंट नावाचा जांभळा छोटा ड्रॅगन त्यातला लाडका. १९९९ मध्ये नवं रूप आणलं आणि फिगमेंटला जवळपास काढूनच टाकलं. लोक इतके चिडले की २००२ मध्ये त्याला परत आणावं लागलं. त्याचे चाहते आजही पहिलाच खेळ आठवतात, कारण फिगमेंट परत आला तरी त्याच्याभोवतीची गोष्ट परत आली नाही. कुठलाही बदल करण्याआधी मी हेच विचारीन: लोक पुन्हा पुन्हा येतात ते कशासाठी? ते ओळखलं नाही तर कोट्यवधी खर्चूनही खेळ फसतो.

प्रश्न: अमेरिकेतलं स्प्लॅश माउंटन बंद होताना लोकांनी म्हणे तिथलं पाणी बरण्यांत भरून विकायला काढलं. पाण्यातून होडीने घसरायच्या एका खेळासाठी एवढा गहजब? आणि तो बंद करायला नको होता का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर: पाणी विकायला निघालं होतं, हे खरं. विकणाऱ्यांचं कौतुक मला नाही. पण ज्यांना शेवटच्या दिवशी रडू आलं त्यांचं दुःख खोटं नव्हतं. लहानपणी वडिलांच्या मांडीला चिकटून ज्या उतारावरून आपण खाली आलो, तो उतार पुन्हा मिळणार नाही असं कळलं की माणूस हळवा होतोच.

तरीही तो बदल योग्य होता असं मी मानतो. त्या खेळाची कथा डिस्नेच्या १९४६च्या एका चित्रपटावरून घेतली होती. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात मळ्यावर राबणाऱ्या काळ्या माणसांचं जगणं त्यात गोडगोड करून दाखवलं होतं, आणि त्यावर चित्रपट आला तेव्हापासूनच आक्षेप होते. २०२३ मध्ये फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडचे स्प्लॅश माउंटन बंद झाले, २०२४ मध्ये तिथेच ‘टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर’ सुरू झालं. महत्त्वाचं म्हणजे ओंडक्याची होडी राहिली, पाण्याची वाट राहिली, शेवटची मोठी घसरगुंडीही राहिली. बदलली ती गोष्ट. ज्या गोष्टीने कुणाच्या तरी लेकराला अपमान वाटतो ती बदलावी, त्यात चर्चेला फार जागा मला दिसत नाही. नवी गोष्ट जुनीइतकी रंगली का, यावर खुशाल भांडा. टोकियोत जुनं स्प्लॅश माउंटन राहिलं आहे, ज्यांना चैन पडत नाही ते तिकडे जाऊन येतात.

प्रश्न: आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी एकच पाळणेवाला येतो. चार पाळण्यांचा लाकडी रहाटपाळणा, हाताने फिरवायचा. आमच्या आज्ज्यापासून त्यांचाच मान. यंदा कमिटीत तरुणांनी विषय काढलाय की मोठा विजेचा आकाशपाळणा आणूया, ब्रेक डान्स नावाचा गरगर फिरणारा खेळ आणूया, तरच मुंबईकर येतील. मी स्वतः तरुणांतलाच, पण लाकडी पाळणा हद्दपार व्हावा असं मनाला पटत नाही. काय करावं?
(देवस्थान कमिटीचा एक सदस्य, मालवण तालुका)

उत्तर: तुमच्या पत्राला मी सगळ्यात आधी उत्तर लिहायला घेतलं होतं. छापताना शेवटी आलं, कारण ते सगळ्यात लांब झालं.

लाकडी पाळण्याची खरी ताकद त्याच्या माणसांत आहे. फिरवणारा खांबाला टेकून उभा असतो, पोराच्या तोंडाकडे बघतो. पोर हसत असेल तर जोर देतो, ओठ थरथरायला लागले की हात लावून वेग तोडतो. “घट्ट धर गो, खाली बघू नको” हे सांगणारा आवाज त्या पोराच्या कानापासून हातभर अंतरावर असतो. चार वर्षांच्या मुलासाठी उंच जाण्याचा पहिला अनुभव म्हणून याहून चांगलं यंत्र मला आजवर दिसलेलं नाही. मुंबईकरांची मुलं मॉलमधल्या यंत्रांत नाणी घालून बसलेली असतात, त्यांना तर हा पाळणा नवाच आहे. म्हणून तो काढू नका.

पण ‘आज्ज्यापासून आहे’ एवढ्यावर तो लावूही नका. कोकणात लोखंडाचा वैरी खारा वारा. लाकूड सागाचं असेल तर तीन पिढ्या टिकेल, त्यातून आरपार गेलेला लोखंडी आस टिकेलच असं नाही. बाहेरून रंग मारलेला असतो आणि आत काम चालू असतं. बोल्टाच्या डोक्याखालून रंगावर लालसर ओघळ आलेला दिसला, की तो बोल्ट हलतोय आणि आत पाणी जातंय असं समजा. तिथे नुसता रंग फासायचा नाही, बोल्ट काढून बघायचा.

आसाची तपासणी गावात होते, तालुक्याला जावं लागत नाही. पाळणा जोडायच्या आधी आस जमिनीवर असताना जुनं ग्रीस आणि रंग तारेच्या ब्रशने पार काढा, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत. मग त्यावर रॉकेल लावा. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालतं. अर्धा-पाऊण तास तसंच मुरू द्या. नंतर कोरड्या फडक्याने इतकं पुसा की बोट फिरवलं तर तेलकट लागू नये. आता वरून खडूची पूड पातळ थरात चोळा आणि आसावर हातोडीने हलके ठोके द्या. कुठे केसाएवढा तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी डब्यांचे आस असेच तपासत. विशेष लक्ष दोन जागी द्या: जिथे आसाची जाडी एकदम कमी होते ती पायरी, आणि जिथे वेल्डिंग केलंय त्याची कड. तडे तिथूनच सुरू होतात.

आस नवा घालावा लागला तर कमिटीने खर्च उचलावा, पाळणेवाल्यावर टाकू नये. जत्रेच्या पावतीपुस्तकातून निघेल एवढाच तो खर्च आहे. आस कुडाळला लेथवर करून घ्या, बुश (आस ज्यात फिरतो त्या कड्या) पितळेचे बसवा. मोटार बसवायचा मोह मात्र टाळा. त्या सांगाड्याला हाताचा जोर माहीत आहे, मोटारीची सततची ओढ तो सोसणार नाही. शिवाय हाताने थांबतो तसा तो मोटारीच्या पट्ट्यावर थांबणार नाही.

विजेचा मोठा पाळणा आणायचाच असेल तर आणा, माझा विरोध नाही. तरुणांनाही जत्रा आपली वाटायला हवी. फक्त जागा आधी बघा. आपल्याकडे जत्रा कापलेल्या भाताच्या कुणग्यात भरते, वरून जमीन टणक वाटते आणि खाली ओल असते. मोठ्या पाळण्याचे पाय त्यात एका बाजूने रुतले की सगळा सांगाडा कलतो, आणि कललेला पाळणा फिरवू देणारा माणूस मला कधी शहाणा वाटलेला नाही. पायांखाली जाड लाकडी ओंडके हवेत, शक्य असेल तर कातळावरचीच जागा द्या. जनरेटरला अर्थिंग आहे का, लाल बटण दाबल्यावर खरोखर थांबतो का, हे रिकामा पाळणा फिरवून कमिटीसमोर करून दाखवायला सांगा. परवानगीचे कागद आदल्या दिवशी नव्हे, पंधरा दिवस आधी हातात हवेत.

जागावाटपात लाकडी पाळण्याला देवळाजवळची, खाजेवाल्यांच्या रांगेच्या तोंडाची जुनी जागा द्या आणि मोठा पाळणा लांब लावा. लाऊडस्पीकरचा आवाज दशावताराच्या मांडापर्यंत पोचू नये इतका लांब. दोन्हीकडे गर्दी होईल, तुमचं वय आणि तुमच्या आज्याचं वय दोन्ही जत्रेत दिसतील.

आणि आसावर रेघ उमटली, तर त्या वर्षी पाळणा उभारू देऊ नका. पाळणेवाला गयावया करील, मानकरी म्हणतील इतकी वर्षं काही झालं नाही. त्याला त्याचं नेहमीचं भाडं कमिटीकडून द्या, जेवायला बसवा, आणि आस बदलून पुढच्या जत्रेला बोलवा.