टॉर्मेक कंपनीचं टी-8, टी-4 की स्वस्तातलं 200 मिमी दगडाचं? पटाश्या आणि रंध्याच्या पात्यांना धार लावायला ओल्या दगडाचं कोणतं मशीन घ्यावं?

मशीनचं सांगतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही "गोल दगडाने ढाळ (धारेचा उतरता भाग) पोकळ होतो, धार कमजोर पडते असं आमचे मिस्त्री म्हणतात" असं लिहिलंय, त्याचा निकाल आधी लावू.

हिशेब करा. पटाशी 4 मिमी जाड, ढाळ 25 अंशांचा, म्हणजे ढाळाची लांबी साधारण साडेनऊ मिमी. 250 मिमीच्या दगडावर मधोमध खोली येते 0.09 मिमी, म्हणजे वहीच्या एका पानाएवढी. तेच मिस्त्री ज्या 150 मिमीच्या कोरड्या बेंच ग्राइंडरवर धार लावतात, तिथे खोली 0.15. मग जास्त पोकळ कोण करतंय?

धार खरी मरते ती उष्णतेने. तो ग्राइंडर 2850 फेऱ्यांनी पळतो, दगडाच्या कडेचा वेग सेकंदाला 22 मीटर. टी-8 मिनिटाला 90 फेऱ्या, कडेचा वेग जेमतेम 1.2 मीटर, वर सतत पाणी. पटाशीचं टोक निळं पडलं की 300 अंशांच्या आसपास गेलं, पोलादाचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरलं. मग पाण्यात बुडवा नाहीतर निळा रंग घासून काढा, आतलं मऊ ते मऊच. तेवढा भाग पूर्ण घासून मागे यावं लागतं.

आता मशीन. टी-8 चा दगड 250 बाय 50, टी-4 चा 200 बाय 40. रंध्याचं पातं 50 मिमीचं असेल तर टी-4 वर ते डावी-उजवीकडे सरकवत राहावं लागतं, आणि हात एका बाजूला जड पडला की धार तिरकी येते. टी-4 ची मोटर तासाला अर्धाच तास चालवायची. टी-8 ला ते बंधन नाही. दगड ज्यावर बसतो तो दांडा दोन्हींचा स्टेनलेसचा आहे. स्वस्त मशीनमध्ये आधी हेच बघा. साधा लोखंडी दांडा गंजला की दगड त्यावर असा बसतो की काढताना फुटतो. आणि चालू दगडावर पटाशी दाबून बघा. दगड फिरवणारं रबरी चाक घसरून दगड थांबत असेल तर उचलू नका.

दगड 220 ग्रिटचा असतो (ग्रिट जितका मोठा, दगड तितका बारीक). ग्रेडिंगच्या ठोकळ्याची, म्हणजे दगड खरबरीत-बारीक करायच्या दोन बाजूंच्या ठोकळ्याची, बारीक बाजू अर्धा मिनिट दाबली की तो 1000 सारखा चालतो. अनेकजण हे करतच नाहीत आणि मशीनला नावं ठेवतात. दगड उड्या मारत असेल तर डायमंड ड्रेसरने (दगड पुन्हा गोल करायचं हिऱ्याच्या टोकाचं हत्यार) सावकाश, एका वेळी पाव मिमी घ्या. काम झालं की पाण्याची डबी खाली करा. दगड तसाच बुडून राहिला तर एका बाजूने पाणी पितो आणि पुन्हा उड्या मारतो. हत्यार दगड फिरण्याच्या विरुद्ध धरलं तरी चालतं, उलट लवकर कापतं. शेवटी धार घासायच्या कातडी चाकावर मात्र कायम फिरण्याच्या दिशेने, नाहीतर धार कातड्यात घुसते. बर (धारेवर उरलेली पातळ पत्री) मोडला नाही तर पटाशी धारदार वाटते आणि दोन घावांत बोथट होते.

मिस्त्रींच्या बाजूने एक कबूल: पोकळ ढाळात अगदी टोकाशी कोन दोनेक अंशांनी कमी भरतो. सागवानाला काही होत नाही, बाभळीत खाचा मारायच्या असतील तर कोन 30 ला ठेवा. आणि लेथची एचएसएस (हाय स्पीड स्टील) हत्यारं असतील तर निळं पडण्याची भीती सोडा. ते पोलाद 500 अंशांपर्यंत टिकतं, त्यांना कोरडा ग्राइंडरही चालतो.